दुसऱ्या चादरीखाली

सासऱ्यांकडून सोफा घ्यायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं. माणसानं आयुष्यात एखाद्या ठिकाणी तरी ताठ राहावं, असं मला वाटतं. (ऑफिसात ती सोय नाही. मी आवक-जावक विभागात लिपिक आहे. तिथं ताठ फक्त फायलींचे पुठ्ठे असतात.)

पडेगावात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हाची गोष्ट. दुसरा मजला, पुढं बाल्कनी, खाली पार्किंग. लिफ्टसाठी जागा सोडलेली आहे, तिथं सध्या सोसायटीच्या सायकली राहतात. बँकेचं कर्ज, रजिस्ट्री, ओटा, पंखे असं सगळं होता होता हॉल सजवायला जे उरलं, त्यात एखाद्या बऱ्या दुकानात नुसतं आत जाऊन पाणी पिऊन परत यावं, एवढीच आमची ऐपत राहिली.

नेमका तेव्हाच तात्यासाहेबांचा फोन आला. तात्यासाहेब म्हणजे माझे सासरे. कन्नडकडं त्यांची बारा एकर जमीन आहे आणि यंदा अद्रकीला भाव चांगला लागला होता. वास्तुशांतीला सोफासेट माझ्याकडून, असं ते म्हणाले. मी अत्यंत नम्रपणे सांगितलं की तुमचा आशीर्वाद पुरे, सोफ्याचं मी बघतो. पलीकडून नुसतं बरं आलं आणि फोन बंद झाला. अलीकडं दीपमालेनं कुकरचं झाकण गरजेपेक्षा जरा जोरात लावलं.

दीपमाला माझी बायको. मोबाइलवर घर सजवण्याचे व्हिडिओ बघून बघून तिनं आमच्या हॉलसाठी एक थीम ठरवली होती. थीमचं नाव मिनिमल. मिनिमल म्हणजे कमीत कमी सामान, असं तिनं मला समजावलं. मी म्हटलं, मग झालंच की, ते तर आपल्याकडं आधीपासूनच आहे. पण तसं नसतं म्हणे. सामान नसणं वेगळं आणि कमी असणं वेगळं.

तिला खरंच हात आहे, हे मी कबूल करतो. बुरुडाकडून चार टोपल्या आणून तिनं त्या उलट्या टांगल्या, आत बल्ब लावले, आणि भिंतीवर जाळीची सावली पडायला लागली. शहागंजातून हिमरू कापडाचे उरलेले तुकडे स्वस्तात आणून ते जोडून बाल्कनीच्या दाराला पडदा केला. लोणच्याच्या बरण्यांत वेली लावल्या. हॉल असा काही दिसायला लागला की मला आत जाताना चप्पल काढून पुन्हा पाय पुसावेसे वाटत. कमी होती ती फक्त सोफ्याची. तिला राखाडी रंगाचा, बुटका, तीन माणसांचा सोफा पाहिजे होता. रविवारी वास्तुशांती होती.

छावणीत फारूखभाईंचं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. ते जुनं विकतात आणि दुरुस्तीही करतात. आमच्या साहेबांच्या खुर्चीचं कातडं त्यांनीच बदललं, तेव्हापासूनची ओळख. त्यांनी मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. बदलीवर गेलेल्या एका फौजी कुटुंबानं विकलेला, राखाडी, बुटका, तीन माणसांचा. दीपमालेनं मनात काढलेलं चित्रच जणू. सौदा ठरला, पैसे दिले आणि शुक्रवारी दुपारी सोफा न्यायचं ठरलं.

टेम्पोवाला नेमका दीड वाजता मोकळा होता आणि ती जुम्म्याच्या नमाजाची वेळ. फारूखभाईंनी निघता निघता फोनवर सांगितलं, "पीछे के शेड में रखा है, चादर के नीचे. ताला नहीं है, लेके जाओ."

मी शेडमध्ये गेलो. तिथं चादरीखाली झाकलेल्या दोन वस्तू होत्या.

पहिली चादर उचलली आणि आतून सोनेरी सिंहानं माझ्याकडं बघितलं. लाल मखमल, दोन्ही हातांच्या जागी जबडा उघडलेले सिंह, पाठीच्या वरच्या कडेवर मधोमध पिसारा फुलवलेला सोनेरी मोर. लांबी सात फूट. असल्या सोफ्यावर मी जन्मात एकदाच बसलो होतो, तेही गळ्यात हार घालून.

शहाण्या माणसानं इथं फोन केला असता. मी विचार केला, आणि तिथंच घोटाळा झाला. माझ्या डोळ्यांपुढं तात्यासाहेब आले. राखाडी बुटक्या सोफ्याकडं बघून ते म्हणणार, एवढ्यासाठी मला नको म्हनला व्हय? आणि या मोराकडं बघून काय म्हणतील? शिवाय फारूखभाई स्वतःच म्हणाले होते, चादरीखालचा न्या. हा चादरीखालीच होता. त्यांना आपल्याच मालाची किंमत कळत नसेल तर त्याला मी काय करणार, अशी मी मनाची समजूत घातली. दुसरी चादर मी उचललीच नाही. उचलली असती, तर प्रामाणिकपणाचा प्रश्न निर्माण झाला असता.

हमालांना म्हटलं, उचला लवकर. नमाज सुटायच्या आत टेम्पो छावणीच्या बाहेर पडला होता.

जिन्याच्या पहिल्याच वळणावर सोफा अडकला. पुढं जाईना, मागं येईना, आणि वरच्या मजल्यावरच्या आजी खाली उतरायच्या होत्या, त्या सिंहाच्या डोक्याला धरून पलीकडं गेल्या. शेवटी हमालांनी तो खाली आणला, चादरीत गुंडाळला आणि दोर बांधून बाहेरच्या बाजूनं बाल्कनीत ओढला. बाल्कनीला तेव्हा ग्रिल नव्हतं. ते शनिवारी बसायचं होतं. अर्धी सोसायटी खाली माना वर करून उभी होती. तळमजल्यावरच्या अमिनाआपांनी काळजीनं विचारलं की आत कोणी आजारी माणूस आहे का.

बाल्कनीच्या दाराकडं पाठ करून सोफा बसवला आणि हॉल संपला. खरोखर संपला. एका सिंहाचं नाक भिंतीला लागलं होतं, दुसऱ्याचं स्वयंपाकघराच्या दारात होतं. मी वरची चादर झटकन ओढली आणि दीपमालेच्या तोंडाकडं बघितलं.

तिनं एका सिंहापासून दुसऱ्या सिंहापर्यंत बघितलं. मग म्हणाली, "अहो, आपलं लग्न झालंय ना एकदा?"

परत करा, असं तिनं त्या संध्याकाळी चार वेळा सांगितलं. फारूखभाई परत घेत नाहीत, असं मी चारही वेळा सांगितलं. (त्यांना विचारलंच नव्हतं, त्यामुळं ते नाही म्हणाले नव्हते, एवढं खरं होतं.) शनिवारी ग्रिलवाला आला आणि बाल्कनीला जाडजूड ग्रिल भिंतीत पक्कं बसवून गेला. त्याच दिवशी फारूखभाईंचे मला अकरा फोन आले. मी एकही उचलला नाही. त्यांना सोफ्याची खरी किंमत उशिरा कळली असणार आणि आता वाढवून मागणार, असा माझा हिशोब होता. फोन उलटा ठेवून मी पूजेच्या सामानाची यादी करत बसलो.

दीपमालेनं मात्र हार मानली नाही. तिनं दोन पांढऱ्या चादरी शिवून सोफा झाकला. सिंहांपुढं वेलींच्या बरण्या ठेवल्या, मागचा हिमरूचा पडदा ओढून घेतला. एवढं करूनही कोणी हत्तीला थंडी वाजू नये म्हणून पांघरूण घातल्यासारखं दिसत होतं. पण लांबून, डोळे बारीक करून बघितलं, तर मिनिमल म्हणता आलं असतं.

रविवारी सकाळी तात्यासाहेब आले. फेटा, पांढरं धोतर, हातात पेढ्यांचा पुडा. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ते सगळं घर फिरले. टोपल्यांचे दिवे बघितले, बरण्या बघितल्या, बाल्कनीत जाऊन तंबाखू मळून आले. मग त्यांनी सोफ्यावरची चादर दोन बोटांनी उचलली, जरा वाकून बघितलं आणि सगळीच ओढून काढली. सिंहाच्या डोक्यावरून हात फिरवून मधोमध बसले.

"जावईबापू," ते म्हणाले, "म्या तुम्हाला लई चिक्कू समजत व्हतो."

तो माझ्या संसारातला सर्वोच्च क्षण होता. तो साधारण चाळीस मिनिटं टिकला.

हॉलमध्ये जागाच नसल्यानं होम बेडरूमच्या उंबऱ्यात पेटवावा लागला. धूर एवढा झाला की गुरुजींना मंत्र सोडून खोकावं लागलं, तेव्हा कोणीतरी बाल्कनीचं दार सताड उघडलं आणि पडदा बाजूला सारला. धूर बाहेर गेला. त्याबरोबर खालून वर बघणाऱ्यांना सोफ्याच्या पाठीवरचा सोनेरी मोरही दिसायला लागला.

खाली पार्किंगमध्ये त्या दिवशी मांडव होता. अमिनाआपांच्या मुलीची, माहनूरची, मंगनी म्हणजे साखरपुडा होता. पाहुणे बीडहून यायचे होते. मांडवाचं काम साहेबराव नावाच्या डेकोरेटरकडं होतं, आणि स्टेजवरचा त्याचा सगळ्यात भारी सोफा मखमल बदलायला फारूखभाईंकडं दिलेला होता. तो शुक्रवारी शेडमधून गायब झाला. कोण घेऊन गेलं ते फारूखभाईंना कळलं होतं, पण तो माणूस फोन उचलत नव्हता. तेव्हा नाइलाजानं ते स्वतः दुसऱ्या चादरीखालचा राखाडी सोफा घेऊन आले होते. बुटका, तीन माणसांचा. स्टेजवर तो ठेवला तर सगळ्यांना दातांच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसल्यासारखं वाटत होतं, आणि माहनूर आत जाऊन दार लावून बसली होती. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळली ती दारावरची थाप.

दारात फारूखभाई आणि मागं लालबुंद झालेला साहेबराव. माझ्या हातात पंचामृताची वाटी होती, ती कलली.

फारूखभाईंनी आत बघितलं. पाट, होम, पाहुणे, आणि सोफ्यावर सिंहासारखे बसलेले तात्यासाहेब. साहेबराव काही बोलणार तेवढ्यात फारूखभाईंनी त्याचा हात दाबला. मग चपला काढून आत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घर मुबारक हो, सोमनाथभाई. तुमचा सोफा आज एक दिन के लिए देते क्या? नीचे बच्ची की मंगनी है."

तुमचा सोफा, असं म्हणाले. चार माणसांत त्यांनी माझ्या कानाखाली मारली असती तर मला बरं वाटलं असतं. मी नुसती मान हलवली.

"न्या की," तात्यासाहेब लगेच उठत म्हणाले. "आमचे जावई कुनाला नाय म्हनत नाहीत." आणि माझ्याकडं बघून हसले. ते हसणं मला तेव्हा कौतुकाचं वाटलं.

सहा जणांनी सोफा उचलला आणि बाल्कनीपर्यंत नेला. तिथं ग्रिल होतं.

जिन्याचं वळण तर माहीतच होतं. साहेबरावनं टेप लावून तीनदा मोजलं, सोफा तीनही वेळा सात फूटच भरला. सिंह सुटे होतात का बघितलं, तर ते अखंड लाकडात कोरलेले. ग्रिलवाल्याला फोन लावला, तो मेहुण्याच्या लग्नाला गंगापूरला गेला होता आणि मागं बँड वाजत होता. बीडची मंडळी जटवाड्याच्या रस्त्याला चुकून आता परत फिरली आहेत, अर्ध्या तासात पोचतील, असा निरोप आला. अमिनाआपा धापा टाकत वर आल्या. त्यांनी सोफ्याकडं बघितलं, ग्रिलकडं बघितलं, आणि पदरानं तोंडावरचा घाम पुसत त्या म्हणाल्या की असू द्या, राखाडीवरच बसवू, पोरीचं नशीब काय सोफ्यावर असतं. पण त्यांचा आवाज फुटला होता.

मला त्या वेळी खरं सांगून टाकावंसं वाटलं. तोंड उघडलंही. पण माझ्या आधी दीपमाला बोलली.

"आपा," ती म्हणाली, "सोफा खाली येत नाही, तर माहनूरला वर आणा. इथंच करू."

गुरुजींनी पंचांगातून डोकं वर काढलं. मग तात्यासाहेब म्हणाले की घरात पहिल्याच दिवशी पोरीचं शुभकार्य होतंय, याच्यापरीस चांगली वास्तुशांती कोणती. गुरुजी म्हणाले, माझं काम झालेलं आहे, माझी हरकत नाही, फक्त माझी पिशवी सोफ्याखाली आहे.

पुढच्या पंचवीस मिनिटांत आमच्या घराचं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी बहुतेक वेळ स्टुलावर होतो. आमचे सगळे पुरुष पाहुणे खाली मांडवात गेले आणि खालच्या सगळ्या बायका वर आल्या. दीपमालेनं पांढऱ्या चादरी सोफ्यामागं ताणून बांधल्या, हिमरूचा पडदा मधोमध चुण्या करून सोडला, वास्तुशांतीची झेंडूची तोरणं मोराच्या गळ्यात गेली. मी स्टुलावर उभा राहून ती सांगेल तिथं खिळे ठोकत होतो, आणि ती सांगेल तिथून पुन्हा काढत होतो. टोपल्यांतले बल्ब लावल्यावर भिंतीभर जाळी पडली आणि अमिनाआपांची बहीण म्हणाली, माशाल्ला, हा हॉल किती दिवस आधी बुक करावा लागतो.

माहनूर येऊन बसली. होणाऱ्या सासूनं तिच्या डोक्यावर लाल ओढणी घातली, बोटात अंगठी घातली. ती मान खाली घालून हसली, तेव्हा दीपमालेनं डोळे पुसले. मी दारातून हे बघत होतो. त्या दोन दिवसांत त्या सोफ्याकडं बघून मला पहिल्यांदाच घाम आला नाही.

खाली तात्यासाहेब राखाडी सोफ्यावर मुलाकडच्या म्हाताऱ्यांबरोबर अद्रकीच्या भावावर बोलत बसले होते. आमची वरण-भात-पुरणपोळी खाली गेली. त्यांचा शिरा वर आला. मटणाच्या नान-खलियाच्या डेगीजवळ उभं राहून, आज आपल्याला चालत नाही, असं तात्यासाहेब सगळ्यांना सांगताना मी ऐकलं. मात्र नंतर ते मिशा पुसत होते.

संध्याकाळी ते निघायच्या तयारीत असताना मला बाल्कनीत घेऊन गेले. नव्या ग्रिलला धरून उभे राहिले आणि म्हणाले की मलाही असाच एक सोफा बघा, बैठकीत ठेवीन, पैसे लागतील तेवढे लागू द्या.

आता पळायला जागा नव्हती. बाल्कनीला ग्रिल होतं. मी सगळं सांगितलं. शेड, दोन चादरी, न उचललेली दुसरी चादर, न उचललेले अकरा फोन. सांगताना मी त्यांच्याकडं न बघता खालच्या मांडवाकडं बघत होतो.

ते ऐकून घेऊन म्हणाले, "ठाव हाय मला. सकाळीच वाचलं."

त्यांनी मागची चादर बाजूला सारून बोटानं दाखवलं. सोफ्याच्या पाठीमागं, खालच्या फळीवर, पांढऱ्या रंगात ठळक लिहिलेलं होतं: साहेबराव मंडप डेकोरेटर्स. खाली मोबाइल नंबर. त्याच्याही खाली, भांडी व खुर्च्या भाड्याने मिळतील. दोन दिवस मी त्याच्यापुढं उभा राहून मिरवत होतो आणि मागची बाजू काही बघितली नव्हती.

मी विचारलं, मग सकाळी एवढं कौतुक कशाला केलं. ते म्हणाले, "म्हनलं बघावं, जावई कुठवर वढतेत." आणि पोट हलवून हसले. हसणं थांबल्यावर म्हणाले, "तुम्ही सोफा नको म्हनला, तवा वाईट वाटलं व्हतं. पैशाचं नाय हो. लेकीच्या घरी आलो तर बसायला आपली म्हनून एक जागा असावी, एवढंच."

मी त्यांची पिशवी उचलली आणि जीपपर्यंत पोचवायला गेलो. वाटेत म्हटलं की बाल्कनीत बसायला एखादी बाज असली तर बरं होईल, गावाकडून पाठवाल का. आठ दिवसांत बाज आली. ती जिन्यानं, वळणावरूनही, सरळ वर आली.

त्याच्या आधी सोमवारी ग्रिल कापलं. सोफा दोरानं खाली गेला, राखाडी वर आला, ग्रिल पुन्हा जोडलं. ग्रिलवाल्यानं दोन्ही कामांचे पैसे घेतले आणि तिसऱ्यांदा काही न्यायचं असेल तर आताच सांगा, म्हणाला. फारूखभाईंची मी माफी मागितली. ते म्हणाले, "गलती मेरी भी है. दो चादरां थे, मैं एकीच बोला." एवढं बोलून त्यांनी चहा मागवला.

आता आमच्या हॉलमध्ये राखाडी, बुटका, तीन माणसांचा सोफा आहे आणि हॉल खरोखर मिनिमल दिसतो. पण तो बघायला दीपमाला घरी फारशी नसते. मंगनीचे फोटो बीडपासून उस्मानपुऱ्यापर्यंत फिरले, आणि तिला घरगुती कार्यक्रम सजवायची बोलावणी यायला लागली. बारसं, डोहाळजेवण, मंगनी, काहीही. साहेबराव स्वतः तिला कामं देतो. तिचं म्हणणं, कमी खर्चात घर सजवणं ही कला आहे. मी ते नाकारत नाही. रविवारी तिचं सामान टेम्पोत चढवायचं आणि स्टुलावर उभं राहून खिळे ठोकायचे, हे माझ्याकडं आहे. आमच्या ऑफिसातल्या हुद्द्यापेक्षा हा हुद्दा मला जास्त वजनदार वाटायला लागला होता.

परवा तिची वही ओट्यावर उघडी होती. दर कार्यक्रमाला काय काय न्यायचं, त्याची यादी तिनं सुवाच्य अक्षरात केली होती. मी कौतुकानं वाचायला घेतली. टोपल्या, चार. पांढऱ्या चादरी, दोन. पडदा, दोरी, हातोडी, स्टूल. आणि स्टुलाच्या खालच्या ओळीत: हे, एक.

त्याच्यापुढं कंसात बारीक अक्षरात लिहिलं होतं, नसले तरी चालेल.